पाटलांनी ‘जेवले का’ विचारलं की

आमच्या बाबांनी कुणाला ‘जेवले का?’ असं विचारलं की समोरच्याचं तोंड उतरायचं. इतर कुठे या दोन शब्दांनी कुणाचं काही बिघडत नाही. माणूस दिसला की विचारायचं आणि उत्तर न ऐकताच पुढे चालू लागायचं, एवढंच त्याचं मोल. पण बाबा गावचे पोलीस पाटील होते. ठाण्यातून, दवाखान्यातून, कुठल्या तरी दूरच्या कामावरून गावातलं माणूस दगावल्याचा निरोप आला की तो ज्याच्या त्याच्या घरी नेऊन सांगायचं काम त्यांच्याकडे असे. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथलं. पोरं पोटासाठी लांब जात. कुणी चांद्याच्या खाणीत, कुणी एटापल्लीकडे बांबू तोडायला, आणि आमचा दादा फौजेत. निरोप यायचे ते असे लांबून यायचे आणि आमच्या सपरीवर येऊन थांबायचे. सपरी म्हणजे घरापुढची पडवी. तिथून पुढे बाबांची सायकल.

बाबा नवे नवे पाटील झाले तेव्हाची गोष्ट माय सांगायची. बांबूच्या कामावर एक माणूस कोसळत्या झाडाखाली सापडून गेला. बाबा गेले, दारात उभे राहिले आणि सांगून मोकळे झाले. त्याच्या बायकोनं चुलीवरचं भाताचं गंज, म्हणजे पातेलंच, चुलीत उपडं केलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कडू घास आणतात, हे खरं. पण त्या गोंधळात सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी आणला असेल. दुसऱ्या दिवशी माय गेली तर त्या घरातली लहानगी कोपऱ्यात बसून कच्चे तांदूळ चावत होती. मायनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा हातातला घास खाली ठेवून उठले म्हणे. तेव्हापासून त्यांनी आपली एक रीत करून टाकली. निरोप घेऊन गेले की सायकल कुडाला लावायची, सपरीवर बसायचं आणि पहिले विचारायचं, ‘जेवले का?’ नसतील जेवले तर, ‘जेवून घ्या, मी बसतो.’ लेकरांच्या पोटात चार घास गेले की मग सांगायचं.

आता ही रीत कितीक दिवस लपून राहणार? गावाला लवकरच कळलं. मग तर पंचाईतच झाली. बाबांनी विचारलं की पुढच्या माणसाच्या घशाखाली पाणी उतरेना. मी मोठी झाल्यावर एकदा बाबांना म्हटलं, ‘बाबा, आता साऱ्याईले समजते, मंग विचारता काऊन?’ तर म्हणाले, ‘समजू दे ना. मोठ्याईले नाई जात, पन लहान लेकरू दोन घास खाऊन घेते. अन् बाईमानूसही लेकराले चारता चारता जराशी तयार होते.’ त्यांचं दुसरं एक तत्त्व होतं, आणि त्यावरून त्यांचं कित्येकांशी वाजलं. ते कधी ‘शिरेस हाय’ म्हणत नसत. इतर गावांचे लोक गेलेल्या माणसालाही ‘तब्येत शिरेस हाय, चला’ म्हणून घरच्यांना गाडीत घालत. बाबा चिडायचे. ‘मेला तं मेला म्हना. शिरेस म्हनलं का मानूस रस्ताभर नवस बोलत जाते. कशाले त्याले फसवता?’

या रीतीचे तमाशेही कमी झाले नाहीत. माझ्या आत्याच्या लग्नात बाबा यजमान म्हणून पंगतीतून फिरत होते. भोळा माणूस, तोंडातून निघून गेलं, ‘काहो, जेवले का सारे?’ झालं! पत्रावळीवरचा एक म्हातारा हातातला बुंदीचा लाडू तसाच धरून उभा राहिला आणि ओरडला, ‘कोन गेलं, पाटीलभाऊ?’ अर्धी पंगत उठली. नवरदेवाकडच्या मंडळींना काही कळेना, त्यांना वाटलं मारामारी झाली. मायनं बाबांच्या हातात पाण्याची बादली दिली आणि म्हणाली, ‘पानी वाढा अन् तोंडाले कुलूप लावा.’ त्यानंतर आमच्या घरच्या कुठल्याही कार्यात बाबांना पाणीच वाढायला मिळालं. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा ते बादली घेऊनच फिरत होते, आणि मुलाकडच्यांना वाटत होतं, मुलीचे वडील किती साधे!

दादाचं नाव भास्कर. माझ्याहून बराच मोठा. धिप्पाड, हसरा आणि खायला बकासुर. वांग्यात वाळके झिंगे घालून मायनं भाजी केली की हा अर्ध्या वाटेवरून वास घेत यायचा. फौजेत भरती झाला तेव्हा मायनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा मात्र गावभर सांगत फिरले. सुट्टीवर आला की तो मला परेड शिकवायचा, कोंबड्यांनाही शिकवायचा आणि बाबांना सलाम ठोकून म्हणायचा, ‘पाटीलसाहेब, सब ठीक है!’ बाबा खोटं खोटं गंभीर होऊन मान हलवायचे. त्यांचा एकमेकांवर फार जीव होता. तोंडानं बोलायचे नाहीत, पण दादाची सुट्टी संपत आली की बाबा विनाकारण सायकल पुसत बसायचे.

त्याची बायको आणली ती थेट सिरोंचाकडची, गोदावरीच्या काठची. नाव राजेश्वरी. तिचं मराठी आमच्यासारखंच, पण मध्येच तेलुगू शब्द टपकायचे. आमच्या अंबाडीच्या भाजीला ती पुंटीकूर म्हणायची आणि त्यात इतकी मिरची घालायची की माय पहिल्या घासाला उठून बाहेर गेली. ‘अवं माय, पोरगी हाय का आगीचा बंब!’ म्हणत माय मडक्यातलं पाणी पीत राहिली आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत राहिली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. मला मोठी बहीण नव्हती, ती हौस तिच्यात फिटली.

पण आल्या आल्या तिनं जो घोळ घातला तो गाव आजही विसरलेलं नाही. तिच्याकडे भेटल्या माणसाला जेवलात का असंच विचारतात. तेलुगूतही तेच, मराठीतही तेच. लग्नाची हळद अंगावर असताना ती माझ्यासोबत विहिरीवर आली आणि नव्या सुनेनं चार बायकांशी गोड बोलावं म्हणून सगळ्यांना विचारत सुटली, ‘जेवल्या का, काकू? जेवल्या का, मावशी?’ पाटलाची सून! बायकांच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. एक बादली विहिरीत गेली. सखूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची दोन्ही पोरं खाणीत कामाला. ती तिथेच चिखलात बसली आणि म्हणाली, ‘सांग व माय, मोठा गेला का लहाना?’ वहिनीला काय कळणार? ती बिचारी, ‘मी तं असंच विचारलं, असंच विचारलं!’ म्हणत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत उभी. मीच मग हसू दाबत सगळं निस्तरलं. सखूबाईनं उठून पहिले वहिनीच्या पाठीत एक धपका दिला आणि मग तिचे गाल कुरवाळले. घरी आल्यावर बाबांना कळलं तेव्हा ते इतके हसले की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून वहिनीनं आपला प्रश्न बदलला. ‘भाजी काय केली?’ असं विचारू लागली.

दिवस छान चालले होते. दादा सुट्टीवर यायचा, जायचा. चिन्नी झाली. हे नाव वहिनीच्याच तोंडचं, लहानगी म्हणून हाक मारली ते कायमचं चिकटलं. वहिनी मला रोज सकाळी उठवायची ती चिन्नीला माझ्या अंथरुणात सोडून. मी अभ्यास करावा म्हणून मायशी भांडायची, आणि मी अभ्यासाला बसले की स्वतःच गप्पा मारायला यायची. दादाचं पत्र आलं की मला वाचायला लावायची, तिला वाचता येत असून. म्हणायची, ‘तुझ्या तोंडून त्याच्यासारखं वाटते.’ मग मी दादाचा आवाज काढून वाचायचे आणि मधेच माझ्या मनचं काहीबाही घुसडायचे, ‘बेबीला माझ्याकडून नवी चप्पल घेऊन देणे.’ घरात मला सगळे बेबी म्हणत. ती पत्र हिसकावून घ्यायची. तेवढी वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची. हे लिहिताना मी चंद्रपूरला मुलाच्या फ्लॅटात बसले आहे, गॅलरीत धूळ, खाली हॉर्न, आणि माझ्या नाकात मात्र त्या घरातल्या नव्या धानाच्या पोत्यांचा वास येतोय. म्हातारपणी नाक असं कुठेही हिंडतं.

धान कापून खळ्यावर आलं होतं. मळणी चालू होती, सकाळी धुकं पडायचं. मी परीक्षेचं पुस्तक घेऊन खळ्यावर राखण करत बसले होते, बाबा बैलांमागे फिरत होते. ठाण्यातला जमादार सायकलवरून आला. हा माणूस आमच्याकडे नेहमी यायचा, मायच्या हातचा चहा प्यायचा, दादाची चौकशी करायचा. त्या दिवशी तो बांधावरच उतरला आणि सायकल हातात धरून उभा राहिला. बाबांनी बैल थांबवले. दोघे मळून उरलेल्या तनसाच्या ढिगाऱ्यामागे गेले. मला वाटलं, पुन्हा कुणाच्या तरी घरचा निरोप. बिचारे बाबा, असंही वाटून गेलं.

जमादार गेला तरी बाबा येईनात म्हणून मी गेले. ते तनसात बसले होते. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलेलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘बेबी, भास्कर गेला.’ एवढंच. त्यांच्या रीतीप्रमाणे सरळ. मी जेवले की नाही ते मला त्यांनी विचारलं नाही, तेवढं भानच नव्हतं त्यांना. बर्फाचा कडा चौकीवर कोसळला होता. काढेपर्यंत सगळं संपलं होतं. मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. किती वेळ कुणास ठाऊक. बैल आपले धानात तोंड घालून खात होते, आणि ज्यांनी एक दाणा वाया जाऊ दिला नाही कधी, त्या बाबांनी त्यांना हाकललं नाही.

मग ते म्हणाले, ‘घरी सांगू नको. वहिनीले तं बिलकुल नाई.’ मला आधी कळलंच नाही. ‘म्हंजे?’ म्हटलं. तर म्हणाले, ‘लेकरू अंगावर पिते. दूध आटून जाईन. पलटनीतले लोक अस्थी घेऊन येऊन राह्यले, दोन-चार दिवस लागतेत. ते आले का सांगू.’ त्या काळी जवानाचं मयत घरी आणायची सोय नसे. तिकडेच अग्नी देत आणि अस्थी, त्याची पेटी, कपडे घेऊन पलटणीतली दोन माणसं येत. म्हणजे वहिनीला त्याचा चेहराही दिसणार नव्हता. कुणीतरी येऊन सांगितलेला शब्द तेवढाच तिला मिळणार होता, आणि तोसुद्धा सगळ्यात शेवटी.

मी जात्याच तापट. रडता रडता भडकले. ‘बाबा, निरोप कोनाच्या नावानं आला?’ त्यांनी मान खाली घातली. ‘तिच्याच. फौजेच्या कागदावर जवळचं मानूस म्हनून तिचंच नाव हाय.’ ‘मंग? दुसऱ्याच्या सुनेले तुमी असं ठेवलं असतं का? शिरेस म्हननाऱ्याईवर तुमी चिडत होते ना?’ बाबा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, तेव्हाही नाही. म्हणाले, ‘दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगता येते, बेबी. सांगून उठून घरी येता येते. इथी सांगून मी कुठी जाऊ?’ आता मोठे साहेब लोक स्वतः घरी येतात म्हणे, टीव्हीवर नाव यायच्या आत घरच्यांना कळवायची घाई करतात. चांगलंच आहे. पण दारापर्यंत येणं आणि तोंड उघडणं यात जे अंतर आहे ते कुठल्या गाडीनं कमी होत असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं. जमादारानं वाटेत दोन माणसांना विचारलं होतं, पाटील घरी का खळ्यावर, आणि त्याचा चेहराच असा होता की लोकांनी त्याला सोडलं नाही. आणि मग आमच्या गावानं प्रेमानं जो मूर्खपणा केला त्याला तोड नाही. ज्या शेजारणीचं आमच्याशी कुंपणावरून वर्षभर भांडण होतं, तिनं चिन्नीसाठी दुधाचा लोटा पाठवला. विहिरीवर वहिनीला कुणी पाणी ओढू देईना. सखूबाई येऊन तिच्या केसांना तेल लावून गेली. आणि एकही जण, एकसुद्धा, ‘भास्कर कवा येते?’ असं विचारेना, जे एरवी दिवसातून दहा जण विचारायचे. माय खूश! म्हणाली, ‘पाय व, देवानं लोकाईले बुद्धी देल्ली.’ वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चिन्नीला उचलून मागच्या अंगणात गेले आणि मोठ्यानं बडबडगीत म्हणत राहिले. माझ्या सुजलेल्या डोळ्यांना मी धानाच्या भुसाचं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं स्वयंपाक काढला तो सणाचा वाटावा असा. नव्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण, झिंगे घालून वांगी, आणि मायसाठी मिरची न घातलेली पुंटीकूर वेगळी. माय म्हणालीसुद्धा, ‘काऊन व, आज का हाय?’ तर म्हणाली, ‘काई नाई. मन झालं.’ बाबा खळ्यावर निघाले होते, त्यांना तिनं दारातून परत बोलावलं. ‘मामाजी, जेवून जा. गरम हाय.’ सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलणारी नव्हती ती. बाबा आले, पाटावर बसले. मला बसवलं. मायला तर हात धरून बसवलं. ‘तुमी वाढत राह्यता अन् थंडं खाता. आज मी वाढतो. बसा.’ मायच्या ताटात तिनं दोनदा भात वाढला, नको नको म्हणत असताना. बाबा घास कालवत होते, तोंडात जात नव्हता. मी ताटात पाहत होते. माय एकटी मजेत जेवत होती, आणि वहिनीच्या हातालाही चव येऊ लागली म्हणून कौतुक करत होती. वहिनीही मग बसली आणि जेवली. सावकाश, ताट साफ करून. हात धुतले. चिन्नीला पदराखाली घेतलं आणि ती पिऊन झोपेपर्यंत तशीच भिंतीला टेकून राहिली. तिला झोळीत टाकलं. मग बाबांसमोर येऊन खाली बसली.

‘मामाजी, तुमी साऱ्या गावाले विचारता. मले काऊन नाई विचारत?’

बाबांनी वर पाहिलं. ‘का विचारू, बाई?’

‘जेवली का म्हनून.’

माय म्हणाली, ‘अवं, असं अभद्र काऊन बोलून राह्यली?’ आणि मग ती बाबांच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि पाहतच राहिली. तिच्या हातातला पाण्याचा गडवा मी हळूच काढून घेतला. बाबांचे ओठ हलत होते. वहिनी थांबून राहिली. तिला घाई नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना घास गिळायला वेळ दिला, त्याला ती वेळ देत होती. शेवटी बाबा बोलले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

‘जेवली का, राजेश्वरी?’

‘जेवली, मामाजी. पोट भरून जेवली. माय जेवल्या. लेकरू पेलं. आता सांगा.’

आणि बाबांनी सांगितलं. शिरेस नाही, जखमी नाही. कुठे, कसा, केव्हा, जेवढं त्यांना माहीत होतं तेवढं सगळं. तिनं मधेच विचारलं, ‘त्याईले त्रास झाला का?’ बाबा म्हणाले, ‘मले मालूम नाई, बाई. मी खोटं नाई बोलत.’ तिनं मान हलवली. मग उठली, चुलीपाशी गेली आणि पाण्याचा तांब्या निखाऱ्यांवर ओतला. वाफेचा चर्र आवाज झाला, आणि तेव्हा माय ओरडली. वहिनी मायच्या गळ्यात पडली, मी दोघींच्या, आणि बाबा पाटावर बसल्या बसल्या ताटात आसवं गाळत राहिले. दारात पाहिलं तर अर्धं गाव उभं. सगळ्यात पुढे सखूबाई, हातात कडू घासाची भाकर. वाटच पाहत होते बिचारे.

नंतर कधीतरी, फार पुढे, मी तिला विचारलं की तुला कळलं कसं. ती म्हणाली, ‘साऱ्याईनं माया लावली तवाच भेव वाटलं. अन् मामाजी माझ्याकडे पाहून जेवली का म्हनून विचारतेत असं वाटे, अन् दुसरंच काई बोलत. मले कीव आली त्याईची.’ स्वतःची नाही, त्यांची. दूध काही आटलं नाही. चिन्नी आज दोन लेकरांची आई आहे, चांगली जाडजूड आहे आणि आईसारखीच मिरची खाते.

पलटणीतली माणसं आली तेव्हा गाव रस्त्यावर उभं होतं. जीप वेशीशी थांबली. एक सुभेदार, मिशांमध्ये पांढरं आलेला, आणि त्याच्यामागे दादाच्याच वयाचा एक जवान. त्याच्या हातात लाल कापडात बांधलेला कलश होता. पेटी जीपमध्येच होती. तालुक्याचे कुणी साहेब सोबत होते. त्यांनी बाबांकडे बोट दाखवून सुभेदाराला सांगितलं, हे पाटील, हे जवानाचे वडील. सुभेदार बाबांसमोर आला, टाच जुळवून उभा राहिला. त्याचे ओठ सुकले होते. लांबून हेच बोलायचं घोकत आला असणार. ‘पाटील साहब,’ त्यानं सुरुवात केली, ‘बड़े दुख के साथ…’

बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. आमच्या बाबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. पण त्या दिवशी सगळ्यांना समजलं. ‘साहब, मेरे को मत बोलो. ये निरोप मेरा नाही. मैं तो सिर्फ पहुँचानेवाला.’ आणि ते बाजूला सरकले. गावाच्या चालीत सून सासऱ्याच्या मागे, बायकांच्या घोळक्यात, डोक्यावर पदर घेऊन उभी असते. बाबांनी मागे वळून त्या घोळक्याला वाट करायला सांगितली, सगळ्या पुरुषांसमोर, आणि वहिनीला नाव घेऊन हाक मारली. ‘राजेश्वरी, ये. तुह्यासाठी आले हे लोक.’

वहिनी पुढे आली. मी तिच्यामागे चिन्नीला घेऊन होते, म्हणून मला सगळं दिसलं. सुभेदार गडबडला. एवढ्या लहान पोरीशी बोलायची त्याची तयारी नव्हती. त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, बाबा जमिनीकडे पाहत होते. मग तो तिच्यासमोर नीट उभा राहिला, तिला कडक सलाम केला आणि पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला, सगळं, एकही शब्द न गाळता, पलटणीचं नाव, दादाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. तिला ते सगळं आधीच ठाऊक होतं. तरी तिनं मधे त्याला अडवलं नाही. त्याचा आवाज फुटला तिथे ती थांबली, आणि त्यानं घसा साफ केल्यावर पुढचं ऐकलं. शेवटी त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, ‘आप उनकी पत्नी हैं?’

‘हो,’ वहिनी म्हणाली. ‘मीच.’ आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.